आरटीएल-एसडीआरचा आवाज सुधारायचा असेल तर सुरुवात अँटेनाकडून करा

प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीत चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, आरटीएल-एसडीआर व्ही३ डोंगल (लॅपटॉपच्या यूएसबीला जोडून सॉफ्टवेअरने रेडिओ ऐकवणारा छोटा रिसीव्हर), त्याच्यासोबत आलेली दोन काड्यांची डायपोल अँटेना खिडकीत चिकटवलेली, लॅपटॉपवर एसडीआर शार्प हा रेडिओचा प्रोग्रॅम. एफएम स्टेशनं लागतात, पण गाण्यामागे सतत 'सूं' असतो आणि 'स', 'श' ही अक्षरं फाटतात. मिडियम वेव्हवर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ऐकायची आहे, तिथे नुसती भुणभुण. चाळीस मीटरवरच्या (सात मेगाहर्ट्झच्या आसपासच्या शॉर्टवेव्ह बँडवरच्या) हॅम, म्हणजे हौशी रेडिओ मंडळींचं बोलणं अर्धंच कळतं. नॉइज रिडक्शन लावलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. याच डोंगलवर काही करता येईल की बारा-चौदा बिटांचा (जास्त बारीक मोजणी करणारा) महाग रिसीव्हर घ्यावा?

नवा रिसीव्हर आत्ता घेऊ नका. तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि तिन्ही ठिकाणी बिघाड सिग्नलचे आकडे तयार होण्याआधी किंवा होताना झालेला आहे. एकदा आकड्यांत मिसळलेला गोंगाट सॉफ्टवेअरला पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. ते त्याला दाबतं, आणि दाबताना खऱ्या आवाजाचाही काही भाग घेऊन जातं. पाण्याखालचा आवाज येतो तो यामुळेच. म्हणून आपण अँटेनाकडून निघू आणि नॉइज रिडक्शनकडे सगळ्यात शेवटी येऊ.

आधी डोंगलची ताकद आणि मर्यादा ओळखून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. यातली रिअलटेकची आरटीएल२८३२यू ही चिप मुळात डिजिटल टीव्हीसाठी केलेली. ती कच्चे नमुने, म्हणजे सिग्नलची क्षणाक्षणाची मोजमापं, थेट संगणकाकडे पाठवू शकते हे २०१२ साली हौशी मंडळींमध्ये पसरलं आणि तिथून स्वस्त एसडीआरचा काळ सुरू झाला. हे नमुने आठ बिटांचे असतात. एका बिटामागे साधारण सहा डेसिबल, म्हणजे एकाच वेळी सांभाळता येणारा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान सिग्नल यांच्यातलं अंतर जेमतेम ५० डेसिबल. पण गोष्ट इथे संपत नाही. सेकंदाला २४ लाख नमुने घेऊन त्यातून १० किलोहर्ट्झचा एएम चॅनल गाळून काढला, तर मोजणीत शिरलेल्या गोंगाटाचा फक्त दोनशेचाळिसावा भाग तुमच्या वाट्याला येतो. हा फायदा सुमारे २४ डेसिबलचा आहे. २०० किलोहर्ट्झच्या एफएम चॅनलला तोच फायदा ११ डेसिबलच्या आसपास मिळतो. त्यामुळे आठ बिट ऐकायला वाटतात तितके तोकडे नाहीत.

फक्त एक अट आहे. अँटेनाकडून येणारा गोंगाट खालचे एक-दोन बिट सतत हलते ठेवण्याइतका तरी हवा. गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, त्याहून कमी असेल तर बारीक सिग्नल आकड्यांत उतरतच नाही. जास्त असेल तर शेजारचं जोरदार स्टेशन वरची मर्यादा गाठतं आणि सगळा बँड नासवतं. योग्य गेन या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि तो तुमच्या घरी नेमका कुठे आहे हे तुमच्या खिडकीत बसूनच शोधावं लागतं.

त्याची रीत अशी. एसडीआर शार्पमध्ये दातेरी चाकाच्या चिन्हावर जाऊन 'आरटीएल एजीसी' आणि 'ट्यूनर एजीसी' या दोन्हींच्या खुणा काढा. ही दोन्ही स्वयंचलित नियंत्रणं बँडमधला एकूण जोर बघतात, तुम्हाला ऐकायचं असलेलं स्टेशन त्यांना माहीत नसतं. मग गेनची पट्टी शून्यावर आणा, एखादं कमजोर पण ओळखीचं स्टेशन लावा आणि पट्टी एकेक पायरीने वर न्या. डोंगलमधल्या आर८२०टी२ ट्यूनरमध्ये (स्टेशन निवडणाऱ्या चिपमध्ये) शून्यापासून ४९.६ डेसिबलपर्यंत पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला स्टेशनच्या शिखराची उंची बघत बसू नका. शिखर आणि बाजूची गोंगाटाची पातळी यांच्यातलं अंतर बघा. सुरुवातीला ते वाढत जाईल, मग एका ठिकाणी थबकेल, आणि त्यापुढे गोंगाट शिखरापेक्षा वेगाने वर येऊ लागेल. अंतर जिथे थबकलं तिथून एक-दोन पायऱ्या खाली थांबा. हा गेन प्रत्येक बँडसाठी वेगळा निघतो. कागदावर लिहून ठेवा.

तुमच्या एफएमच्या 'सूं'मागे बहुधा जास्त गेनच आहे. मुंबईच्या आसपास एफएमवर जोरदार स्टेशनांची रांग लागलेली आहे, आणि हे सगळे सिग्नल एकदमच ट्यूनरच्या पहिल्या अँप्लिफायरमध्ये शिरतात. स्क्रीनवर दिसणाऱ्या २.४ मेगाहर्ट्झच्या बाहेरचं स्टेशनही तुमचा आवाज बिघडवू शकतं ते यामुळे. दोन जोरदार स्टेशनं तिथे एकमेकांत मिसळली की नसलेल्या जागी भुतं दिसू लागतात. मुंबईतल्या ९३.५ आणि ९८.३ या दोघांच्या मिसळीतून ८८.७ आणि १०३.१ वर काहीतरी उगवू शकतं. खरं आणि खोटं ओळखायला सोपी चाचणी आहे: गेन थोडा उतरवा. खरं स्टेशन जेवढ्यास तेवढं उतरतं, भूत जवळपास तिप्पट डेसिबलने कोसळतं. अशी सात-आठ भुतं दिसत असतील तर त्यांच्यासोबत गोंगाटाची जमीनही वर आलेली असते, आणि हाच तुमचा 'सूं'. डोंबिवलीत एफएमसाठी गेन दहा ते पंचवीसच्या मध्ये कुठेतरी येऊन थांबेल असा माझा अंदाज आहे.

अशा ठिकाणी एफएमसाठी अँप्लिफायर म्हणजे एलएनए विकत घेऊ नका. तो कुठेही लावला तर आवाज सुधारतो असा समज फार पसरलेला आहे. लांब केबल, उंच फ्रिक्वेन्सी आणि कमजोर सिग्नल या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच त्याचा उपयोग, आणि तोही अँटेनाच्या टोकाशी लावल्यावर. शहरातल्या एफएमवर त्याने नुकसानच होतं. शॉर्टवेव्हच्या खालच्या बँडवरही तो सहसा लागत नाही, कारण तिथे बाहेरून येणारा गोंगाट रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा कितीतरी मोठा असतो.

आता 'स' आणि 'श' फाटण्याबद्दल. याचा गेनशी फारसा संबंध नाही. स्टेशनचा सिग्नल थेट एका वाटेने आणि समोरच्या इमारतीवर आपटून दुसऱ्या वाटेने, असा दोनदा पोहोचतो. दोन्ही लहरी एकमेकींना कुठे वाढवतात, कुठे खोडतात, आणि एफएममध्ये त्याचा परिणाम उंच स्वरांवर आधी दिसतो. स्टिरिओ चालू असेल तर आणखी. पुण्यात टेकड्यांच्या आडोशाला आणि मुंबई-ठाण्यात टॉवरांच्या गर्दीत हे फार आढळतं. वॉटरफॉलवर (स्क्रीनवरच्या सरकत्या रंगीत चित्रात) सिग्नल धडधाकट दिसतो आणि आवाज मात्र फाटका, अशी जोडी दिसली की परावर्तनच समजा. यावर कुठलंही सॉफ्टवेअरमधलं बटण चालत नाही, अँटेना हलवावी लागते. एफएमची तरंगलांबी तीन मीटरच्या आसपास असल्यामुळे पाऊण मीटर सरकवलं तरी चित्र पालटतं. तुमच्या डायपोलच्या मोठ्या काड्या प्रत्येकी ७३ सेंटिमीटर लांब ओढा, म्हणजे ती ९८ मेगाहर्ट्झच्या आसपास जुळते. मग एकदा उभी, एकदा आडवी, खिडकीच्या एका टोकाला, दुसऱ्या टोकाला, लोखंडी ग्रिलपासून हातभर दूर, असं सगळीकडे लावून बघा. ग्रिलला टेकलेली अँटेना ग्रिललाच अँटेना बनवते. हे काम दोघांनी करावं, एकाने अँटेना सरकवायची आणि दुसऱ्याने डोळे मिटून ऐकायचं. संध्याकाळभर वेळ द्या. तुमच्या एफएमसाठी याहून मोठी सुधारणा दुसऱ्या कशानेही होणार नाही.

अँटेना गॅलरीच्या बाहेर किंवा गच्चीवर नेता आली तर उत्तमच. केबल म्हणून डिश टीव्हीवाल्यांकडे मिळणारी आरजी-६ बिनदिक्कत वापरा. ती ७५ ओहमची आणि डोंगल ५० ओहमचा, म्हणून लोक बिचकतात, पण या विसंगतीने होणारं नुकसान जेमतेम पाव डेसिबलच्या आतबाहेर असतं. किटमधली बारीक काळी केबल मात्र दोन-तीन मीटरपुरतीच ठीक आहे. लांब अंतराला तीच जोडत गेलात तर त्याहून बराच जास्त सिग्नल केबलमध्येच जिरतो.

एफएमसाठी सॉफ्टवेअरमध्ये मोजक्याच गोष्टी बघायच्या. बँडविड्थ, म्हणजे स्टेशनसाठी उघडलेल्या पट्टीची रुंदी, १८० ते २०० किलोहर्ट्झ ठेवा. स्टेशन ७५ किलोहर्ट्झपर्यंत इकडेतिकडे झुलतं, मोनो आवाज त्यावर १५ किलोहर्ट्झचा, त्यामुळे दोन्ही बाजू मिळून १८० होतात. जोरदार स्टेशन स्टिरिओत ऐकायचं असेल तर २५० पर्यंत उघडा. कमजोर स्टेशनला १२०-१५० पर्यंत आवळलं तर टकटक कमी होते, मोठ्या स्वरांवर थोडी विकृती येते; बातम्यांना चालेल, गाण्याला नाही. स्टिरिओची खूण कमजोर स्टेशनवर काढूनच टाका. डावी-उजवी बाजू वेगळी करणारा भाग ३८ किलोहर्ट्झच्या भोवती बसवलेला असतो, आणि एफएमचा गोंगाट जितकं वर जावं तितका वाढत जातो, त्यामुळे स्टिरिओची किंमत वीस डेसिबलच्या घरात जाते. एखादं स्टेशन मोनो केल्याबरोबर एकदम शांत होतं ते याच कारणाने. डी-एम्फसिस (स्टेशनने वाढवून पाठवलेले उंच स्वर पुन्हा उतरवणारी सोय) आपल्याकडे ५० मायक्रोसेकंद. काही प्रोग्रॅम अमेरिकेच्या हिशोबाने ७५ वर असतात, त्यात आवाज बोथट वाटतो. ते बंदच राहिलं तर कर्कश होतो आणि 'सूं'ही उठून ऐकू येतो.

मिडियम वेव्ह हे खरं कसोटीचं काम. अस्मिता ५५८ किलोहर्ट्झवर आहे. मुंबईच्या इतक्या जवळ तिचा सिग्नल तुमच्या खिडकीत भरपूर असणार. तरीही भुणभुण ऐकू येते, कारण तुमच्याच घरातला गोंगाट त्याच्या बरोबरीला आलेला आहे. आजच्या घरात एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्स, वायफाय राउटर, इन्व्हर्टर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, लिफ्टची मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र असं सगळं विजेची धार वेगाने तोडून काम करतं. प्रत्येक तोडणीला रेडिओ गोंगाट निर्माण होतो आणि घरातलं वायरिंग त्याची अँटेना बनतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण उभी करताना जागेच्या निवडीत माणसाने निर्माण केलेला रेडिओ गोंगाट तिथे कमी असणं हा महत्त्वाचा मुद्दा होता. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना असलेल्यांनाही गोंगाटापासून लांब जावंच लागलं, हे मी नवख्यांना आवर्जून सांगतो.

आपल्याला लांब जाता येत नाही, तेव्हा गोंगाटाचं मूळ शोधायचं. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. कित्येक घरांत निम्मी भुणभुण इथेच थांबते. मग घरच्यांना सांगून मेन एमसीबी पाच मिनिटं खाली करा. आवाज स्वच्छ झाला तर गुन्हेगार घरातच आहे. एकेक सर्किट वर करत जा आणि वॉटरफॉलवर पट्टे कधी उगवतात ते बघा. एमसीबी खाली करूनही फरक पडला नाही तर गोंगाट शेजारून किंवा जिन्यातून येतोय. इमारतीची वीज गेली तर ती संधी सोडू नका, लगेच बॅटरीवर ऐका. तुमच्या जागेचा खरा तळ तेव्हाच कळतो. बॅटरीवरचा छोटा मिडियम वेव्ह ट्रान्झिस्टर असेल तर तो दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावून घरभर फिरवा, दोषी चार्जरजवळ तो ओरडतो. कानाला गोंगाटाची जात ओळखता येते: रेग्युलेटरची गुरगुर विजेच्या ५० हर्ट्झच्या दुपटीने, १०० हर्ट्झवर येते, तर चार्जरचे फुगीर, सरकते पट्टे ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा दिसतात. सापडलेली वस्तू बदला, किंवा तिच्या वायरीचे फेराइटच्या (गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) रिंगमधून शक्य तितके फेरे काढा. फेरे दुप्पट केले की अडथळा चौपट होतो, त्यामुळे वायरीवर नुसती एक क्लिप अडकवून काही होत नाही.

उरलेल्या गोंगाटावर लूप अँटेना लावा, हा माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला आहे. लाकडी चौकट साठ सेंटिमीटर बाजूची, तिच्यावर इन्सुलेटेड तारेचे दहा-अकरा फेरे, आणि दोन टोकांना जुन्या व्हॉल्व्ह किंवा ट्रान्झिस्टर रेडिओतला ५०० पिकोफॅराडचा गँग, म्हणजे फिरवून बदलता येणारा कपॅसिटर. हा साधारण सगळा मिडियम वेव्ह बँड पकडतो. कमी पडलाच तर एखादा फेरा वाढवा. शेजारी एकच सुटा फेरा काढून त्याची दोन टोकं केबलने डोंगलकडे न्या. गँग फिरवून ५५८ वर शिखर आणलं की बाकीची जोरदार स्टेशनं आपोआप खाली बसतात, त्यामुळे आठ बिटांवरचा भारही उतरतो. आणि लूप उभ्या अक्षाभोवती फिरवला की एका दिशेला आवाज जवळजवळ नाहीसा होतो. ही नाहीशी होण्याची दिशा फार टोकदार असते, तर स्टेशनचा जोर बऱ्याच कोनांत टिकतो. म्हणून लूप स्टेशनकडे नेमका रोखायच्या मागे लागू नका. भुणभुण जिथे मरते तो कोन धरा. गँग लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या बाजूला जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत विचारा, नाहीतर भंगारातला जुना रेडिओ शोधा.

मिडियम वेव्हसाठी व्ही३ला सेटिंगमधून डायरेक्ट सॅम्पलिंगच्या (सिग्नल थेट मोजणीच्या चिपकडे देण्याच्या) क्यू शाखेवर न्यावं लागतं. तिथे ट्यूनर वाटेत नसतो, त्यामुळे गेनच्या पट्टीचाही उपयोग नाही. सिग्नल कमीजास्त करायचा तर तो बाहेरच करावा लागतो, म्हणून जुळवलेला लूप इथे इतका कामाला येतो. जवळच्या स्टेशनला एएमची बँडविड्थ १० किलोहर्ट्झपेक्षा थोडी जास्तही उघडून बघा. आपल्याकडे स्टेशनं नऊ-नऊ किलोहर्ट्झवर बसवलेली आहेत. शेजारच्या जागा मोकळ्या असतील तर नाट्यसंगीतातल्या ऑर्गनला आणि झांजेला मिळणारा मोकळेपणा लगेच ऐकू येतो. रात्री लांबची स्टेशनं आत शिरतात तेव्हा पुन्हा आवळा. एप्रिल-मे मध्ये वळवाच्या दिवसांत वीज कडकडली की मिडियम वेव्हवर जो कडकडाट येतो तो निसर्गाचा, त्यावर इलाज नाही. अशा वेळी बाहेरची अँटेना काढून ठेवा, डोंगलसाठी आणि तुमच्यासाठीही. हिवाळ्यातल्या रात्री हा बँड सगळ्यात शांत असतो.

चाळीस मीटरवर एक वेगळीच अडचण आहे आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. डोंगलचं घड्याळ २८.८ मेगाहर्ट्झचं. हा बँडही डायरेक्ट सॅम्पलिंगनेच ऐकायचा, आणि त्यात घड्याळाच्या निम्म्याच्या, म्हणजे १४.४ मेगाहर्ट्झच्या वरचं सगळं दुमडून खाली येतं. २८.८ मधून २१.७ वजा करा: उत्तर ७.१. म्हणजे तेरा मीटर बँडवरची, २१.४५ ते २१.८५ मेगाहर्ट्झमधली बलाढ्य प्रसारणं दिवसा उलटी होऊन ६.९५ ते ७.३५ मध्ये, बरोबर हॅम मंडळींच्या बोलण्यावर येऊन बसू शकतात. त्यातच मुंबईची मिडियम वेव्ह केंद्रं याच आठ बिटांत आपला वाटा घेत असतात. उपाय म्हणून दोन फिल्टर लावा: मिडियम वेव्ह अडवणारा हाय-पास आणि साधारण १२ मेगाहर्ट्झच्या वरचं अडवणारा लो-पास. दोन्ही तयारही मिळतात आणि हातानेही बनतात. मिडियम वेव्ह ऐकताना मात्र हाय-पास काढायला विसरू नका.

इथली अँटेना म्हणजे पूर्ण डायपोल २० मीटर लांब, फ्लॅटमध्ये अवघडच. सोसायटीने गच्ची दिली तर जरूर बांधा. नाहीतर गॅलरीतून बाहेर आठ-दहा मीटरची तार, तिच्या मुळाशी तार आणि केबल जुळवणारा ९:१ ट्रान्सफॉर्मर, आणि अर्थिंगऐवजी तेवढ्याच लांबीची दुसरी तार. याबरोबर केबलवर चोक हवाच. मोठ्या फेराइट रिंगवर बारीक केबलचे दहा-बारा फेरे. ३१ क्रमांकाचं मटेरियल या बँडला चांगलं. लॅपटॉप आणि चार्जरचा गोंगाट केबलच्या बाहेरच्या जाळीवरून अँटेनापर्यंत चढतो आणि तिथून सिग्नल म्हणून परत येतो. चोक ही वाट बंद करतो. याच कारणाने डोंगल लॅपटॉपला थेट खोचू नका. चांगल्या जाळीच्या यूएसबी एक्सटेन्शनने तो दूर न्या, पाच मीटरच्या आत.

हॅम मंडळींचं एसएसबीचं (लहरीची एकच बाजू पाठवून केलेलं) बोलणं कळण्यासाठी एलएसबी म्हणजे खालची बाजू, बँडविड्थ २.४ ते २.७ किलोहर्ट्झ, आणि ट्यूनिंगची पायरी १० हर्ट्झ. व्ही३चा स्फटिक एक पीपीएमचा (दहा लाखांत एक इतक्या चुकीचा) असल्यामुळे सात मेगाहर्ट्झवर चूक सात हर्ट्झची, कानाला कळणारही नाही. साध्या प्लॅस्टिकच्या डोंगलमध्ये ५० पीपीएम सहज असतात, म्हणजे ३५० हर्ट्झ, आणि मग माणसाचा आवाज चिरका किंवा घोगरा होतो. सॉफ्टवेअरमधली एजीसी इथे चालू ठेवा, पण तिचा उतार (बोलणं थांबल्यावर पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) सावकाश, अर्ध्या सेकंदाहून जास्त. उतार झटपट असेल तर दोन शब्दांच्या मध्ये गोंगाट उसळी मारतो आणि तासाभरात डोकं दुखायला लागतं. शॉर्टवेव्हवरची एएम प्रसारणं ऐकताना आवाज येता-जाता विकृत होत असेल तर सिंक्रोनस एएम असलेला प्रोग्रॅम वापरा. वाहक लहर क्षीण झाली की साधा डिटेक्टर गडबडतो. सिंक्रोनस प्रकारात ती लहर आतच तयार केली जाते, आणि दोनपैकी स्वच्छ बाजू निवडून ऐकता येते.

संगणकाच्या आत आवाज बिघडण्याच्या जागा थोड्या आहेत, पण त्या तपासायला दहा मिनिटं लागतात. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला घ्यायचे नमुने, २.४ दशलक्ष ठेवा. ३.२ वर नमुने गळतात आणि त्याची टकटक ऐकू येते. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आउटपुट ४८ किलोहर्ट्झ करा, २४ लाखांना ४८ हजारांनी पूर्ण भाग जातो. आवाज 'भारदस्त' करणारी लॅपटॉपवाल्यांची सगळी एनहान्समेंट बंद करा. आवाज मध्येच तुटत असेल तर बफर वाढवा आणि वॉटरफॉलचा वेग कमी करा, जुन्या लॅपटॉपवर स्क्रीन रंगवण्यातच प्रोसेसर दमतो. ब्लूटूथ हेडफोनचा माइक कुठल्या प्रोग्रॅमने चालू ठेवला असेल तर आवाज फोनच्या दर्जाला येतो, त्यामुळे परीक्षा करताना वायरचाच हेडफोन घ्या.

एवढं झाल्यावर सॉफ्टवेअरची सफाई, आणि तिथेही क्रम पाळा. तडतड असेल तर नॉइज ब्लँकर सगळ्यात आधी, अरुंद फिल्टरच्या अलीकडे. तडाखा क्षणभराचा असतो तोवरच तो कापता येतो. फिल्टरमधून गेला की पसरतो आणि बोलण्यात मिसळतो. एकसुरी शिट्टी असेल तर नॉच, म्हणजे तेवढाच स्वर कापणारा फिल्टर. नॉइज रिडक्शन सगळ्यात शेवटी, आणि तेही बोलण्यावर, पाण्याखालचा पहिला भास झाला की तिथून थोडं मागे. गाण्यावर मी ते कधीच लावत नाही. तानपुऱ्याचा नाद आणि गोंगाट यांत त्याला फरक करता येत नाही, आणि ते दोन्ही खातं.

तुलना करायची तर कानाच्या आठवणीवर विसंबू नका, बेसबँड रेकॉर्डिंग करा, म्हणजे डोंगलचे कच्चे नमुनेच फाइलमध्ये साठवा. आठ बिटांत मिनिटाला सुमारे २९० एमबी जागा लागते. तीच फाइल पुन्हा पुन्हा वाजवून बँडविड्थ, एजीसी, नॉइज रिडक्शन बदलत जा, म्हणजे फरक तुमच्या सेटिंगचा की हवेतला हे नक्की कळतं. गेन आणि अँटेना मात्र रेकॉर्डिंगनंतर बदलता येत नाहीत, त्यांची रेकॉर्डिंगं वेगवेगळी करावी लागतील.

नव्या रिसीव्हरचा विचार एकाच परिस्थितीत करा: लूप, चोक आणि फिल्टर लावून झाले, घरातला गोंगाट उतरला, आणि तरीही जोरदार केंद्र बंद असतानाच कमजोर स्टेशन ऐकू येतं. तेव्हा आठ बिट खरोखर कमी पडताहेत. एफएम आणि त्यावरच्या बँडसाठी मग एअरस्पाय मिनी, शॉर्टवेव्ह आणि मिडियम वेव्हसाठी एअरस्पाय एचएफ प्लस डिस्कव्हरी हे चांगले पर्याय आहेत. मधला स्वस्त मार्ग म्हणजे आरटीएल-एसडीआर व्ही४. बिट आठच, पण त्यात अपकन्व्हर्टर (शॉर्टवेव्हची फ्रिक्वेन्सी वर नेऊन ट्यूनरला देणारा भाग) आतच असल्यामुळे शॉर्टवेव्हवरही ट्यूनरचा गेन हातात राहतो आणि तेरा मीटरची दुमड चाळीस मीटरवर येत नाही. त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो, जुना तसाच ठेवलात तर नीट चालणार नाही. आणि यांपैकी काहीही घेतलंत तरी तुमचा लूप आणि चोक तसेच त्याला जोडता येतील.